अलुश, बालम, युम काश यांत फरक काय? आणि सका नेमका कसा करतात?

रानवाट
एका टिपणासाठी हवंय: मेक्सिकोतल्या युकातानच्या माया लोकांतल्या अलुशबद्दल जिथे पाहावं तिथे वेगळंच. कुठे तो खोडकर बुटका, कुठे शेताचा राखणदार, कुठे थेट पावसाचा मालक. युम काश आणि बालमशी त्याचा संबंध काय? मिल्पात, म्हणजे मक्याच्या शेतात, ठेवतात तो सका, म्हणजे नैवेद्याचं मक्याचं पेय, चुन्यात शिजवलेल्या मक्याचा की बिनचुन्याचा? दोन्ही वाचलंय.

धूपदाणी
बिनचुन्याचा. बरेच लेख इथेच घसरतात. रोजच्या टॉर्टियासाठी मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवतात, त्याने साल सुटते आणि पीठ मळलं जातं. सकासाठी मका नुसत्या पाण्यात शिजवायचा, दळायचा आणि पाण्यात पातळ कालवायचा. काही जण मध घालतात. वाळक्या फळाच्या कवचाच्या वाट्या (लूच) भरून शेतातल्या काटक्यांच्या मांडवीवर ठेवतात, कोपलचा धूप घालतात, राखणदारांना नावं घेऊन बोलावतात. त्यांचं पिऊन झालं असं मानलं की उरलेला सका माणसं पितात. फेकत नाहीत.

आता हुद्दे. युम काश रानाचा आणि त्यातल्या जनावरांचा धनी. झाडं तोडण्याआधी त्याची परवानगी. (जुन्या पुस्तकांत त्याला मक्याचा देव ठरवलंय, ते सोडून द्या.) बालम चार, गावाच्या आणि शेताच्या चार कोपऱ्यांवर. अलुश सगळ्यांत धाकटा: गुडघ्याएवढा, एकाच शेताशी किंवा पडक्या अवशेषांशी बांधलेला. पाऊस 'चाक' या पर्जन्यदेवाचा, अलुशचा नाही.

ओलेरान
वेळापत्रकही बघा, नाहीतर विधींची सरमिसळ होते. झाडं तोडण्याआधी सका. उन्हाळ्याच्या शेवटी तोडलेल्या झाडांची जाळणी. तेव्हा शेतकरी शीळ घालून वारा बोलावतात, कारण वारा नसेल तर ओंडके अर्धवट जळतात आणि राखेचं खत मिळत नाही. पेरणीनंतर पावसाने ओढ दिली तर चा-चाक, म्हणजे पाऊस मागण्याचा विधी. त्याची वेदी खांबांची, वेलींनी बांधलेली, वर हिरव्या फांद्यांच्या कमानी. चार पायांशी चार मुलगे बसून बेडकांसारखे ओरडतात. मक्याच्या पिठाचे आणि भोपळ्याच्या वाटलेल्या बियांचे थर देऊन केलेल्या जाड भाकऱ्या पानांत गुंडाळून पीबमध्ये, म्हणजे तापलेल्या दगडांच्या खड्ड्यात, मातीखाली भाजतात. सोबत बाल्चे: झाडाची साल मधाच्या पाण्यात आंबवून केलेलं पेय. हे सगळं ह्मेन, म्हणजे गावचा जाणता, चालवतो. एकट्या शेतकऱ्याचं काम नाही. कापणीनंतर आभाराचं जेवण वेगळं.

रानवाट
अलुश 'तयार' करतात म्हणे? आणि नैवेद्य थांबला तर?

धूपदाणी
हो, ह्मेन मातीची मूर्ती घडवतो, धूप-प्रार्थनेने तिला जागं करतो, शेतमालक तिला खाऊपिऊ घालतो. खाडा पडला की खडे पडतात, रात्री शिट्ट्या ऐकू येतात, घरात ताप येतो, अशी समजूत. शेत विकलं तरी अलुश तिथेच. नव्या मालकाने नैवेद्य चालू ठेवायचा. सात वर्षांनी अलुशसाठी शेतात बांधलेल्या छोट्या घराची दारं बंद करायची, हे इंटरनेटवर फार फिरतं, पण सगळीकडचा नियम म्हणून लिहू नका. २०२३च्या फेब्रुवारीत मेक्सिकोचे तेव्हाचे अध्यक्ष लोपेस ओब्रादोर यांनी टाकलेला अलुशचा 'फोटो' तर पुरावा म्हणून अजिबात नको; तो २०२१पासून समाजमाध्यमांवर होता.

ओलेरान
ग्वातेमालाचे केक्ची माया या यादीत घुसवू नका. त्यांचा त्सुलताका डोंगर आणि दरी दोन्हींचा मालक, प्रत्येक मोठ्या डोंगराचा वेगळा. पेरणीआधी गुहेत मेणबत्त्या आणि कोपल, शिवाय ब्रह्मचर्य पाळायचं. रानातली जनावरं ही त्याची पाळीव; अपराध केला तर तो साप पाठवतो. आणि 'चानेके' माया नाहीच, तो मेक्सिकोतल्याच नाहुआ लोकांचा. दिसायला अलुशसारखा असला तरी टिपणात घेऊ नका.