मदत हवी आहे: जपानमध्ये एक सत्र, विषय चित्रपट आणि आरोग्यव्यवस्था

निशिगंध
नमस्कार मंडळी. विद्यापीठाच्या देवाणघेवाण कार्यक्रमातून ऑक्टोबर ते फेब्रुवारी असं एक सत्र ओकायामाला शिकायचं आहे. विषय दोन: जपानी चित्रपट आणि जपानची आरोग्यव्यवस्था. शेवटी दोन्ही मिळून एकच शोधनिबंध द्यायचा आहे, साधारण ५,००० शब्दांचा. जपानी भाषेच्या पाच पातळ्यांच्या परीक्षेत एन३ (मधली पातळी) पर्यंत झालं आहे.
१) दोन विषय एका निबंधात कसे गुंफावेत? नुसती ‘डॉक्टर असलेल्या चित्रपटांची’ यादी होईल अशी भीती वाटते.
२) व्हिसा, विमा, औषधं यांत काय चुकतं?
३) इस्पितळात निरीक्षणाला जाता येतं का? त्यासाठी इथूनच काय करून न्यावं?

अबोली
निशिगंध, यादीची भीती रास्त आहे. एकच आजार घ्या आणि चित्रपटाचं साल व त्या वेळी लागू असलेला कायदा शेजारी शेजारी मांडा. निबंध तिथून उभा राहतो.

ओकायामाला जाताय तर कुष्ठरोग घ्या, असं मी आग्रहानं सांगेन. त्या प्रांतातल्या नागाशिमा बेटावर आइसेइएन हे १९३० साली उघडलेलं सरकारी कुष्ठधाम आहे. बेट आणि किनारा यांच्यात सर्वांत अरुंद जागी जेमतेम ३० मीटर पाणी, तरी पूल झाला १९८८ साली. एवढ्या एका गोष्टीत अर्धा विषय आला.

आता सालं पाहा. १९३१ च्या कायद्यानं सर्वच रुग्णांना सक्तीनं वेगळं ठेवायची मुभा मिळाली. १९४० साली ‘कोजिमा नो हारु’ आला. आइसेइएनमधल्याच एका डॉक्टर बाईंच्या आठवणींवर तो बेतलेला आहे. गावोगावच्या रुग्णांना कुष्ठधामात यायला राजी करणं, हे त्यात करुणेचं काम म्हणून दिसतं. बाहेर त्याच काळात ‘आपल्या प्रांतात एकही कुष्ठरोगी नको’ अशी मोहीम चालू होती, आणि या चित्रपटानं तिला बळ दिलं अशी टीका पुढे झाली. गुणकारी औषध आल्यावरही १९५३ च्या नव्या कायद्यात सक्ती राहिलीच. कायदा रद्द झाला १९९६ साली. २००१ च्या मे महिन्यात कुमामोतोच्या न्यायालयानं सरकारला दोषी धरलं आणि सरकारनं अपील केलं नाही. नाओमी कावासे यांचा ‘आन’ २०१५ चा. त्यात कुष्ठधामात आयुष्य गेलेली म्हातारी दोरायाकीच्या (गोड पुरण भरलेल्या छोट्या पॅनकेकच्या) दुकानात लाल चवळीचं गोड पुरण शिजवते. तिची बोटं कुठे दिसतात, कोण त्यांच्याकडे पाहतं, गिऱ्हाइकं यायची कधी थांबतात, हे वेळेच्या नोंदीसह टिपा. १९४० च्या चित्रपटात रुग्णाकडे कोण पाहतं, हेही तसंच टिपा. या दोन तक्त्यांच्या मधला फरक हाच तुमचा युक्तिवाद.

कुष्ठरोग नको असेल तर कर्करोग आणि ‘रुग्णाला सांगावं का’ हा प्रश्न घ्या. कुरोसावांचा ‘इकिरु’ (१९५२) पोटाच्या एक्स-रेनंच सुरू होतो. प्रतीक्षागृहात शेजारचा माणूस नायकाला सांगतो की डॉक्टर ‘साधा अल्सर आहे, आवडेल ते खा’ म्हणाले की समजून जायचं. थोड्या वेळानं डॉक्टर नेमकं तेच म्हणतात. निदान रुग्णापासून लपवायची ही रीत जपानमध्ये त्यानंतरही कित्येक दशकं टिकली.

एक भाषेची सूचना. जुना ‘राई’ हा शब्द आज अपमानकारक धरतात. ‘हान्सेन-ब्यो’ म्हणा, बरे झालेल्यांना ‘काइफुकुशा’. आपल्याकडे ‘महारोगी’ आणि ‘कुष्ठरुग्ण’ या शब्दांत जो फरक आहे, तोच.

दर्यावर्दी
प्रश्न २ बद्दल.

मुक्काम ९० दिवसांवर आहे, म्हणजे विद्यार्थी व्हिसा. तिकडचं विद्यापीठ आधी तुमच्यासाठी पात्रता प्रमाणपत्र काढतं, त्याला एक ते तीन महिने लागतात. ते तीन महिनेच वैध असतं, म्हणून हाती आलं की व्हिसाचा अर्ज लगेच टाका. उतरताना कान्साई विमानतळ धरा. रहिवासी कार्ड मोजक्याच विमानतळांवर हातात मिळतं आणि ओकायामा त्यांत नाही. तिथे उतरलात तर कार्ड पत्त्याची नोंद झाल्यावर टपालानं येतं, आणि तोवर बँक खातं, फोन सगळं अडतं.

राहायला गेल्यापासून १४ दिवसांत वॉर्ड कार्यालयात पत्ता नोंदवा. त्याच खेपेत तीन कामं उरका: राष्ट्रीय आरोग्य विमा, उत्पन्न शून्य असल्याचं निवेदन, आणि वय २० किंवा जास्त असेल तर पेन्शनच्या हप्त्यातून सवलतीचा अर्ज. शून्य उत्पन्नाचं निवेदन लोक हमखास विसरतात. ते नसेल तर विम्याच्या हप्त्यातली कपात लागू होत नाही. पेन्शनचा अर्ज राहिला तर महिन्याला १७,००० येनांच्या वर बिल येतं. कागदी विमा कार्ड डिसेंबर २०२४ पासून नव्यानं देत नाहीत, त्याऐवजी ‘शिकाकु काकुनिन-शो’ हा विमा असल्याचा दाखला मिळतो. तो जवळ ठेवा.

विम्यात तुमचा वाटा ३० टक्के. १०,००० येनांचं बिल झालं तर ३,००० तुमचे. पण थेट मोठ्या इस्पितळात गेलात आणि दुसऱ्या डॉक्टरांनी तिकडे पाठवल्याची चिठ्ठी नसेल, तर पहिल्या भेटीला वेगळे ७,००० येन किंवा जास्त पडतात, आणि ते विम्याबाहेर. आधी गल्लीतला दवाखाना, मग चिठ्ठी घेऊन मोठं इस्पितळ. तुमच्या अभ्यासक्रमातही हे येईलच, कारण रुग्णांनी कुठे जावं हे जपान दरांतून वळवतो.

औषधं: डॉक्टरांनी लिहून दिलेली एक महिन्यापुरती चालतात. जास्त न्यायची तर आधी ऑनलाइन ‘युन्यु काकुनिन-शो’ (औषधं आणायची परवानगी) काढा. स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्या पूर्ण बंद. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध घरीच ठेवा. आयुर्वेदिक चूर्णाच्या डबीवर ‘विजया’ लिहिलंय का पाहा. विजया म्हणजे भांग, आणि तिथे भांग हा गुन्हा आहे.

सत्र संपल्यावर वॉर्ड कार्यालयात जाऊन विमा बंद केल्याशिवाय विमानात बसू नका.

निशिगंध
अबोली, दर्यावर्दी, मनापासून आभार. कुष्ठरोगच घेते. आइसेइएनमध्ये मुलाखती घेता येतील का? आणि आनंदवनाशी तुलना करावी का?

खिडकी
मुलाखती: या सत्रात नको. माणसांवरच्या अभ्यासाला विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते आणि तिलाच काही महिने जातात. ऑक्टोबरला पोचून अर्ज केलात तर हाती फारसं सत्र उरणार नाही. शिवाय तिथले रहिवासी फार वृद्ध आहेत, आणि घरच्यांना त्रास नको म्हणून अनेकांनी आयुष्यभर कुष्ठधामातलं टोपणनावच वापरलं. त्यांचा चेहरा, नाव, खोली यांचे फोटो काढू नका. आवारातलं इतिहास संग्रहालय आणि छापून आलेली आत्मकथनं निबंधाला पुरेशी आहेत. ओकायामाहून आको मार्गावरच्या ओकु स्थानकाला उतरून बस. बस मोजक्या आहेत, परतीची वेळ आधी टिपा. संग्रहालयालाही आधी फोन करा.

इस्पितळातलं निरीक्षण शिक्षकांमार्फत जमू शकतं, पण तयारी इथूनच हवी. गोवर, रुबेला, गालगुंड, कांजिण्या या चारींच्या प्रत्येकी दोन लसींची तारखेसह नोंद किंवा रक्तातली प्रतिपिंडांची पातळी मागतात. आपल्या प्रयोगशाळा अनेकदा नुसतं ‘पॉझिटिव्ह’ लिहितात. तो कागद परत येतो. आकडा, एकक आणि चाचणीची पद्धत छापून घ्या. तरीही जपानी निकष तिथल्या किटच्या एककात असतात आणि आपले आकडे जुळत नाहीत, म्हणून लसीकरणाची नोंद जास्त भरवशाची. हिपॅटायटिस बीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. ऑक्टोबरला निघायचं तर पहिला डोस मार्चमध्येच हवा. हे शेवटच्या महिन्यात उरकता येत नाही.

अबोली
खिडकी यांच्याशी पूर्ण सहमत.

आनंदवनाशी तुलना मुख्य भागात नको, ५,००० शब्दांत दोन देश मावत नाहीत. शेवटच्या एखाद्या परिच्छेदात शब्दांपुरती करा. १९४९ साली स्थापन झालेल्या ‘महारोगी सेवा समिती’च्या नावात तो जुना शब्द आजही आहे, आणि आपल्या कायद्यांतून कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण २०१९ साली निघालं. एवढं पुरे.

चित्रपट पाहण्याबद्दल राहिलं. जपानी डीव्हीडीवर इंग्रजी उपशीर्षकं बहुधा नसतात, पण कमी ऐकू येणाऱ्यांसाठीची जपानी उपशीर्षकं पुष्कळदा असतात. एन३ ला ती फार उपयोगी: थांबवा, कांजी शोधा, पुढे चला. डीव्हीडी जगाच्या विभागांप्रमाणे कुलूपबंद असतात: तिथली डीव्हीडी विभाग २ ची, आपली यंत्रं विभाग ५ ची, म्हणून इथे आणून चालणार नाही. जे पाहायचं ते तिथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात पाहून नोंदी पूर्ण करा. १९४० चा चित्रपट तिथे नसेल तर तोक्योच्या क्योबाशीतल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात अभ्यासकांसाठी शुल्क भरून खास प्रदर्शनाची सोय आहे. अर्ज शिक्षकांच्या पत्रासह, आणि नोव्हेंबरमध्येच करा. डिसेंबरच्या शेवटी आठवडाभर सगळं बंद असतं आणि फेब्रुवारीत तुमचा निबंध द्यायचा आहे.

निशिगंध
हिपॅटायटिसचा पहिला डोस या शनिवारी घेते. लसीकरणाचं जुनं कार्ड आईकडे आहे, त्यात कांजिण्यांची एकच नोंद दिसते. दुसरा डोस आता घेतला तर चालेल ना?

खिडकी
चालेल. दोन डोसांत किमान चार आठवड्यांचं अंतर लागतं, तुमचं तर वर्षांचं आहे. तो शनिवारीच हिपॅटायटिसबरोबर दुसऱ्या दंडात घेता येतो. कार्डावर डॉक्टरांची सही, शिक्का आणि लसीचा बॅच क्रमांक घ्यायला विसरू नका.