‘उपनगरी मार्गिकेच्या विस्तारीकरणास मंजुरी’ : या मथळ्याचा अर्थ काय लावायचा?

चौककर :
मंडळी, परवा घरी एका मथळ्यावरून जुंपली. ‘उपनगरी मार्गिकेच्या विस्तारीकरणास मंजुरी, हजारो कोटींची गुंतवणूक’. आमचं गाव चौक, पनवेल–कर्जत रेल्वेवर आहे. सध्या एकेरी रूळ, मोजक्या लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या. लोकल येणार हे आम्ही इतकी वर्षं ऐकतोय की जमिनीचे भाव दोनदा चढून उतरले. आईचं म्हणणं, मंजूर झालं म्हणजे पैसे आले. मामा म्हणतो, मंजूर आणि पैसे यांचा काही संबंध नसतो. मला वेगळेच प्रश्न पडलेत. ‘उपनगरी’ की ‘उपनगरीय’? मार्ग असताना ‘मार्गिका’ कशाला? ‘विस्तार’ पुरेसा असताना ‘विस्तारीकरण’ का? आणि ‘गुंतवणूक’ म्हणजे नक्की कोणाचे पैसे?

मुद्रितशोधक :
सोपं आधी उरकतो. ‘उपनगरी’ आणि ‘उपनगरीय’ दोन्ही चालतं. एकात ‘ई’ प्रत्यय, दुसऱ्यात ‘ईय’. बोलायला ‘उपनगरी’ सुटसुटीत, म्हणून मी तेच ठेवतो. सरकारी कागदाला ‘ईय’ आवडतो, असो.

‘विस्तारीकरण’ मात्र मी दिसेल तिथे खोडतो. ‘करण’च्या आधी ‘ई’ येतो तेव्हा अर्थ असा होतो की जे आधी तसं नव्हतं ते तसं केलं. रुंद नव्हता तो रस्ता रुंद केला, झालं रुंदीकरण. एकेरीचं दुहेरी केलं, झालं दुहेरीकरण. आता ‘विस्तार’ नसलेल्या गोष्टीचा ‘विस्तार’ बनवला म्हणजे काय केलं? विस्तारच ना? मग तेवढंच लिहा. लांबलचक शब्द वापरला की काम मोठं वाटतं, एवढंच त्यामागचं कारण.

‘मार्गिका’ हे लघुत्वदर्शक रूप. पुस्तक–पुस्तिका, नाटक–नाटिका, तसं मार्ग–मार्गिका. मार्गाचा छोटा भाग. म्हणून महामार्गावर गाड्यांच्या एका रांगेपुरत्या पट्ट्याला मार्गिका म्हणतात ते बरोबरच आहे.

लाईनवरचा :
काका, रुळांवर येऊन बघा, तिथे हा शब्द पार घसरतो. आम्ही ‘ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका’ म्हणतो तेव्हा रुळांच्या दोन जोड्या. एक जोडी म्हणजे एक मार्गिका. या दोन्ही मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाल्या. पण त्याच पेपरात खालच्या कोपऱ्यात ‘मेट्रो मार्गिका ३’ अशी बातमी असते, आणि ती असते साडेतेहतीस किलोमीटरचा अख्खा भुयारी मार्ग, दोन्ही दिशांच्या रुळांसकट. एका पानावर मार्गिका म्हणजे एक रूळजोडी, दुसऱ्या बातमीत मार्गिका म्हणजे पूर्ण मार्ग. त्यात ‘चौपदरीकरण’ आलं की आणखी मजा. रस्त्याचं चौपदरीकरण म्हणजे चार पदर. विरार–डहाणूचं चौपदरीकरण म्हणजे चार रूळजोड्या.

स्टेशनवर कोणी मार्गिका म्हणत नाही. ‘लाईन’ म्हणतात. चार लाईनी, पाचवी लाईन, लाईन क्रॉस करू नका. माझं मत विचाराल तर रुळांसाठी ‘लाईन’ ठेवा, रस्त्यासाठी ‘मार्गिका’, आणि मेट्रोला सरळ ‘मार्ग’ म्हणा.

मुद्रितशोधक :
‘लाईन’ बोलण्यात ठीक आहे. छापताना ‘रूळजोडी’ का नको?

लाईनवरचा :
कारण तो शब्द कोणीच वापरत नाही, काका. आत्ता तुम्हाला कळावं म्हणून वापरला.

पालघरकर :
‘विस्तारीकरण’ खोडण्याआधी जरा थांबा, कारण खरी गोम प्रत्ययात नाहीच. विस्तार कशाचा, हे सांगितलं जात नाही. एप्रिल २०१३ मध्ये लोकल विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत आली, तेव्हा बातम्यांत ‘उपनगरी सेवेचा विस्तार’ होता. शब्द बरोबरच होता, सेवाच वाढली होती. नवा रूळ एक इंचही पडला नव्हता. त्याच दोन लाईनींवर राजधानी, मेल, मालगाड्या, मेमू आणि त्यांच्यात आमची लोकल. मागून मोठी गाडी येत असली की लोकल साईडला टाकतात. सकाळी कामाला निघालेली माणसं डब्यात उभ्या उभ्या बघत असतात, ती गाडी धडधडत निघून जाते, मग आम्ही हलतो. इथली म्हातारी माणसं लोकललाही अजून ‘शटल’च म्हणतात, आणि तिच्या चालीकडे बघता ते काही चुकीचं नाही.

म्हणजे तीन गोष्टी वेगळ्या आहेत. फेऱ्या पुढच्या स्टेशनपर्यंत नेणं, तो सेवेचा विस्तार. जिथे त्या मार्गाचे रूळच नव्हते तिथे ते टाकणं, तो मार्गाचा विस्तार. हार्बर लाईन अंधेरीहून गोरेगावला गेली आणि आता बोरिवलीला न्यायची आहे, तो या जातीचा. तिसरी गोष्ट म्हणजे आहे त्या मार्गावर आणखी लाईनी टाकणं, ती क्षमतावाढ. पहिली स्वस्तात होते आणि फीत कापायला सोयीची. तिसरीला जमीन लागते, पूल लागतात, वर्षं लागतात. आमच्या ६४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला साडेतीन हजार कोटींवर खर्च धरलाय. आधी सेवेचा विस्तार झाला, क्षमता मागाहून येतेय. मथळ्यात तिन्ही ‘विस्तारीकरण’ या एकाच गोणीत घातले जातात.

चौककर :
मग आमचं यातलं कुठलं?

पालघरकर :
तुमचं पहिलं आणि दुसरं, दोन्ही. रूळही नवे, सेवाही नवी. त्या अर्थी तुम्ही नशीबवान.

हिशेबनीस :
उशिरा आलो, पण ‘मंजूर’वर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. नोकरी सरकारी बांधकामांच्या हिशेबात गेली, त्यामुळे हा शब्द रोज हाताखालून जायचा.

‘मंजूर’ अरबीतून आला आणि ‘नजर’ ज्या कुळातला, हाही त्याच कुळातला. मुळात अर्थ ‘पाहिलेलं’. कुणा मोठ्या माणसाच्या नजरेखालून गेलं, त्याने मान हलवली, झालं मंजूर. तो अर्थ आपण विसरलो, सरकार विसरलेलं नाही! कित्येक मंजुऱ्यांचा अर्थ अजूनही ‘कागद पाहिला’ एवढाच असतो.

ताईंना, म्हणजे चौककरांच्या आईंना, सांगा की मंजुरी एक नसते. ‘सर्वेक्षणास मंजुरी’ म्हणजे जागा पाहून या, एवढंच. ‘तत्त्वतः मान्यता’ म्हणजे कल्पना आवडली, पैशाचं नंतर बोलू. मग सविस्तर प्रकल्प अहवाल, मग मंत्रिमंडळाची मंजुरी, तिथे पहिल्यांदा खर्चाचा आकडा अधिकृत होतो. ‘प्रशासकीय मान्यता’ म्हणजे अमुक रकमेपर्यंत खर्च करायला हरकत नाही. त्यानंतर ‘तरतूद’. तरतूद म्हणजे या आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात या कामापुढे लिहिलेली रक्कम. ती लिहिली म्हणजे मिळाली असंही नाही. ‘निधी वितरित’ असे दोन शब्द दिसले की पैसे हलले समजा. आणि वर्षाअखेर ‘खर्ची पडले’ म्हणजे खरोखर गेले.

रेल्वेत हे बघायचं तर गुलाबी पुस्तिका उघडा. रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्प २०१६ साली शेवटचा मांडला गेला, पण कामांची ही यादी अजून निघते. तिच्यात कधी कधी एखाद्या कामापुढे एक हजार रुपये दिसतात. हजार कोटी नव्हे, एक हजार रुपये. त्याला ‘नाममात्र तरतूद’ म्हणतात. काम यादीतून गळू नये म्हणून जागा धरून ठेवायची, एसटीच्या सीटवर रुमाल टाकतात तशी. बातमीत मात्र तेच काम ‘अर्थसंकल्पात समाविष्ट’ म्हणून येतं, आणि तेही खोटं नसतं.

तुमचा पनवेल–कर्जत घ्या. तो मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात आहे. लोक त्याला ‘एमयूटीपी तीन’ म्हणतात. त्या टप्प्याला डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली, १०,९४७ कोटींची. त्यात तुमचे सुमारे २,७८२ कोटी. जेमतेम ३० किलोमीटर लांबी, पण तीन बोगदे. त्यातला वावर्ल्याचा २,६२५ मीटरचा, म्हणजे ठाण्याजवळच्या पारसिक बोगद्याच्या जवळजवळ दुप्पट. मंजुरी २०१६ ची, आणि २०२५ उजाडलं तरी चौकला लोकल लागलेली नव्हती. मंजूर आणि पैसे यांचा काहीच संबंध नाही, हे मामांचं म्हणणं जरा जास्त झालं. संबंध आहे, पण मधे जमीन मोजणारे, वनखातं आणि निविदा आहेत.

लाईनवरचा :
‘एमयूटीपी तीन’ आणि ‘तीन ए’ यांतही गल्लत करू नका. तीन ए वेगळा, मार्च २०१९ चा, ३३,६९० कोटींचा. बोरिवली–विरार पाचवी-सहावी, कल्याण–आसनगाव चौथी, कल्याण–बदलापूर तिसरी-चौथी, हार्बर बोरिवलीपर्यंत, सगळं त्यात. बदलापूरची माणसं ‘आमची तिसरी-चौथी कधी’ विचारतात ती ही.

मुद्रितशोधक :
‘गुंतवणूक’ राहिलं. शब्द अस्सल घरचा आहे. गुंतणे, गुंतवणे, गुंतवणूक. फसवणूक, वागणूक, मिरवणूक यांच्याच साच्यातला. गंमत अशी की ‘पैसे गुंतवले’ हे चांगलं, ‘पैसे गुंतले’ हे वाईट. ‘व’ गेला की अडकलेच. सावकारी बोलण्यात ‘रक्कम गुंतून पडली’ म्हणजे परत येण्याची आशा कमी.

पण सरकार रेल्वेत पैसे घालतं त्याला गुंतवणूक म्हणावं का? मला वाटतं, नाही. गुंतवणुकीत परतावा हवा. लोकलचं तिकीट खर्चापेक्षा कमीच असतं. मग तो खर्च झाला.

हिशेबनीस :
इथे मी तुमच्याशी सहमत नाही. हिशेबात दोन खाती असतात, महसुली आणि भांडवली. पगार, वीज, डागडुजी महसुली. रूळ, बोगदा, नवा रेक भांडवली, कारण मालमत्ता उभी राहते. भांडवली खर्चाला गुंतवणूक म्हणायला हरकत नाही. परतावा तिकीटखिडकीवरच मोजायचा असं कुठे लिहिलंय? बदलापूरला घर घेऊन दादरला नोकरी करता येते, हा परतावाच आहे. फक्त तो रेल्वेच्या खात्यात जमा होत नाही. बिल्डरच्या होतो, पालिकेच्या होतो, थोडाफार त्या माणसाच्याही होतो.

चौककर, ‘कोणाचे पैसे’ हा तुमचा प्रश्न सगळ्यांत चांगला. मथळ्यात ‘सरकार’ एकवचनी असतं, हिशेबात नसतं. एमयूटीपीचा खर्च ढोबळमानाने निम्मा रेल्वे, निम्मा राज्य. त्यासाठी १९९९ मध्ये मुंबई रेल्वे विकास महामंडळ काढलं, त्यात रेल्वे मंत्रालयाचा वाटा ५१ टक्के आणि महाराष्ट्राचा ४९. नवी मुंबईत निराळी तऱ्हा. तिथे सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, ६७ टक्के आणि रेल्वे ३३. नेरूळ–बेलापूर–उरण त्याच सूत्राने झालं, खारकोपरपर्यंत २०१८ मध्ये, उरणपर्यंत जानेवारी २०२४ मध्ये. सिडकोने पैसे आणले कुठून? रूळ येणार म्हणून ज्या जमिनीचे भाव वाढले ती विकून. आणि ती जमीन आधी कोणाची होती, हे उरण-पनवेलच्या माणसाला सांगायला नको.

वर जागतिक बँकेचं कर्ज. तिसऱ्या टप्प्याला आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँकेचं. नावात गुंतवणूक, देते कर्ज. तेव्हा तो मथळा लिहिणाऱ्याला दोष देताना मी जरा बिचकतो.

पालघरकर :
आणि अधिभार विसरलात. लोकलच्या तिकिटात एमयूटीपीचा अधिभार, नवी मुंबईत सिडकोचा वेगळा. वर्षानुवर्षं तो देणारा पासवाला कुठल्याच कोनशिलेवर नाही. ‘सरकारी गुंतवणूक’ म्हणताना त्याचे दोन-पाच रुपयेही धरा.

चौककर :
कळलं. आता एकच. आमचं गाव रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात. आम्ही कोणाचं ‘उपनगर’? गावात काहीजणांना हा शब्द झोंबतो. म्हणतात, आमचं गाव मुंबईचं शेपूट आहे का?

मुद्रितशोधक :
झोंबणं रास्त आहे. ‘उप’ म्हणजे जवळचं, दुय्यम. उपनगर म्हणजे नगराला लागून असलेली वस्ती. प्रशासनात मुंबई उपनगर हा जिल्हा १९९० पासून वेगळा आहे आणि तो मुलुंड-दहिसरला संपतो. त्या हिशेबाने कर्जतसुद्धा उपनगर नाही, डहाणू तर नाहीच नाही.

लाईनवरचा :
रेल्वेत ‘उपनगरी’ हा भूगोल नाही, ती भाड्याची वर्गवारी आहे. सीएसएमटीपासून कर्जत १०० किलोमीटर, कसारा १२१, चर्चगेटपासून डहाणू १२४, आणि सगळीकडे लोकल. शेपूट म्हणा, पुच्छ म्हणा, पण हा शब्द सोडू नका असं गावात सांगा. १ जुलै २०२५ ला रेल्वेने भाडं वाढवलं त्यातून दोन गोष्टी वगळल्या : उपनगरी प्रवास आणि मासिक पास. म्हणजे तुमच्या स्टेशनाला तो शब्द लागला तर तुमच्या तिकिटाचा दर वेगळ्या तक्त्यात बसतो. इथे ‘उप’ काढायचा आग्रह धराल तर खिशाला लागेल.

चौककर :
हे गावात सांगतो. तरी फलाटावरच्या पाटीवर नुसतं ‘चौक’ असावं, एवढी इच्छा.

लाईनवरचा :
पाटीवर गावाचंच नाव असतं. उपनगरी वगैरे सगळं तिकिटावर आणि निविदेत. बरं, त्या मथळ्याचं मी असं केलं असतं : ‘पनवेल–कर्जत दोन नव्या लाईनी : खर्चास मान्यता, यंदाची तरतूद अमुक कोटी’. आकडा माहीत नसेल तर मथळाच देऊ नये.

मुद्रितशोधक :
‘लाईनी’ मी कापणार.

लाईनवरचा :
कापा. पण तिथे ‘मार्गिका’ घातलीत तर चौककर उद्या परत हाच धागा काढणार.