मदत हवी आहे: ऑप्शन संपलेल्या पटकथेवरून कादंबरी लिहिताना हक्कांचं काय?

मी फ्रीलान्स पटकथा लिहितो, जोडीला कादंबऱ्याही. माझी ११२ पानांची मूळ पटकथा एका निर्मात्याने १८ महिन्यांच्या ऑप्शनवर (म्हणजे ठरलेल्या मुदतीत सिनेमाचे हक्क विकत घेण्याची राखीव मुभा) घेतली होती. सिनेमा झाला नाही, मुदत संपली. मुदतवाढ नाही, पुढचे पैसेही नाहीत. 'ऑप्शन न वापरल्यास सर्व हक्क लेखकाकडे परत' असं करारात स्पष्ट आहे, त्यामुळे पहिल्या खर्ड्याची मला काळजी नाही.

घोडं अडलंय ते दुसऱ्या खर्ड्यापाशी. तो लिहिला मीच, पण दिग्दर्शकाच्या तोंडी सूचनांवरून, आणि त्याचं वेगळं मानधन मिळालं. त्यातलं धाकट्या बहिणीचं पात्र ही दिग्दर्शकाची कल्पना. मी तिला तोतरेपणा दिला, तिचा प्रत्येक संवाद मी घडवला. आता कादंबरीचे चाळीस हजार शब्द झालेत आणि अर्धी गोष्ट तीच सांगतेय. तिला काढलं तर कादंबरीच उरत नाही.

नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो, हे माहीत आहे. पण सुधारित खर्ड्याच्या मालकीबद्दल करारात एक ओळही नाही. निर्मात्याला दोन ईमेल केले, उत्तर नाही. 'मजकुरावर दुसऱ्या कुणाचाही हक्क नाही' अशी लेखी हमी प्रकाशकाला हवी आहे. वकिलाकडे जाणारच आहे, पण त्याआधी अनुभवी लोकांकडून ऐकायचंय.

अशा वेळी निर्मात्याकडून हक्क सोडल्याचं पत्र तुम्ही कोणत्या शब्दांत मागितलंत? आणि दिग्दर्शकाकडून वेगळं पत्र घ्यावं लागलं का?