मदत हवी आहे: एकाच दाढेबद्दल दोन सल्ले, रूट कॅनाल करावे की दाढ काढावी?

मूळ प्रश्न

नमस्कार. खालच्या जबड्यातील डाव्या बाजूच्या पहिल्या मोठ्या दाढेबद्दल दोन दंतवैद्यांनी मला दोन वेगळे सल्ले दिले आहेत. निर्णय इथे कोणी घेऊन द्यावा अशी अपेक्षा नाही; पुढच्या भेटीत मी नेमके काय विचारायला हवे आणि मिळालेल्या उत्तराचा अर्थ कसा लावायचा, एवढे समजले तरी पुरे आहे.

माझे वय 44 आहे. या दाढेत शाळकरी वयात भरलेले चांदीचे फिलिंग होते. दोन महिन्यांपूर्वी चूळ भरल्यावर बेसिनमध्ये पांढरा कपचा पडलेला दिसला आणि त्या दिवसापासून दाढेच्या आतल्या बाजूची धार जिभेला लागू लागली. दुखत काहीच नव्हते, म्हणून मी ते मनावर घेतले नाही. तीन आठवड्यांनी थंड पाण्याने कळ येऊ लागली. आधी ती लगेच जाई, नंतर मात्र घोट गिळून मिनिट उलटले तरी रेंगाळू लागली. मग रात्री आडवे झाले की ठणका सुरू होई आणि उठून बसल्यावर थोडा उतरे. अशा चार रात्री काढल्या आणि पाचव्या दिवशी सकाळी सगळे एकदम थांबले. आता थंड पाणी त्या दाढेला कळतसुद्धा नाही. फक्त वरचे आणि खालचे दात एकमेकांवर टेकवले की ती एकच दाढ किंचित उंच झाल्यासारखी वाटते.

पहिल्या दंतवैद्यांनी रूट कॅनाल करून वर कॅप बसवण्यास सांगितले. दुसऱ्यांनी तोच एक्स-रे पाहून, दाढेची भिंत फार उरलेली नाही, ती काढून इम्प्लांट (हाडात रोवलेला कृत्रिम दात) बसवणे अधिक खात्रीचे ठरेल, असे मत दिले. दोघेही शांतपणे आणि समजावून बोलले, त्यामुळे कोणावरही अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. गोंधळ त्यामुळेच वाढला आहे. शिवाय शेजारच्या दाढेवर एक बारीक तपकिरी खळगा आहे आणि मागच्या बाजूला हिरडीतून रक्त येते, तिथे हिरडी आणि दात यांच्यामध्ये 5 मिलिमीटर खोल पोकळी मोजली गेली. स्केलिंग सुचवले आहे, पण घरातील ज्येष्ठांच्या मते दात साफ करून घेतले की ते हलू लागतात.

आता दुखत नाही तर काही महिने थांबता येईल का? दाढ वाचेल की नाही हे नेमके कशावर ठरते? रूट कॅनाल केल्यावर कॅप खरोखर लागतेच का? आणि शेजारचा खळगा व हिरडी यांचे काय करावे?

प्रतिसाद 1

मी दंतवैद्य आहे. रूट कॅनाल हेच माझे रोजचे काम असल्यामुळे दात वाचवण्याकडे माझा कल असतो, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचे वाचताना तेवढे वजा करून वाचावे. तोंडात पाहिल्याशिवाय निदान करता येत नाही, हेही गृहीत धरावे.

दुखणे थांबले, याचा तुम्ही लावलेला अर्थ आधी बदलायला हवा. आपण ज्याला बोलीभाषेत नस म्हणतो, ती दाताच्या पोटातील रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंची मऊ गाभ्यासारखी ऊती (पेशींचा समूह) असते. तिला सूज आली तरी फुगायला जागा नसते, कारण सभोवती दाताची कठीण भिंत आहे. आडवे झाल्यावर डोक्याकडील रक्ताचा दाब वाढतो आणि म्हणून ठणका रात्री वाढतो. थंड पाण्याची कळ लगेच जात होती तोवर ही नस बहुधा सावरण्याजोगी होती. कळ रेंगाळू लागली तेव्हा ती वेळ निघून गेली असावी. पाचव्या दिवशी सकाळी दुखणे बरे झाले नाही, दुखणे जाणवून देणारी नस मेली, असे तुमच्या वर्णनावरून वाटते. दाढ उंच वाटणे हा त्याच्या पुढचा टप्पा आहे: मेलेल्या नसेतील जंतूंची विषद्रव्ये मुळाच्या टोकातून बाहेर पडतात, मूळ आणि हाड यांच्यामधला धाग्यांचा पातळ थर सुजतो आणि दाढ केसभर वर उचलली जाते. एक्स-रेमध्ये अजून काळी सावली दिसत नसली तरी निर्धास्त होऊ नये, कारण हाडातील बरेच खनिज गेल्यावरच ती सावली दिसू लागते. तेव्हा काही महिने थांबणे योग्य नाही. केवळ अँटिबायोटिक घेऊनही हे मिटणार नाही. मेलेल्या नसेत रक्तपुरवठाच नसल्यामुळे औषध तिथपर्यंत पोहोचत नाही. गालावर सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास, यांपैकी काहीही झाले तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे.

आता दोन सल्ल्यांविषयी. मला ते परस्परविरोधी वाटत नाहीत. पहिले दंतवैद्य दाढेच्या मुळांबद्दल बोलत आहेत आणि दुसरे तिच्या भिंतींबद्दल. रूट कॅनालमुळे मुळांच्या आतली जंतूंची वस्ती साफ होते. पण त्यानंतर वर बसवायची कॅप कशाला धरून उभी राहणार, हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि दाढ वाचण्याचा निकाल पुष्कळदा तिथेच लागतो. जुने फिलिंग आणि कीड पूर्ण काढल्यावर हिरडीच्या वर सभोवती साधारण 2 मिलिमीटर उंचीची धडधाकट भिंत उरली, तर कॅप तिला पिंपाला लोखंडी पट्टी बसावी तशी आवळून धरते. एखाद्या बाजूला ती थोडी कमी पडली तर हिरडी व हाड किंचित खाली घेण्याची लहान शस्त्रक्रिया करून भिंत उघडी करता येते, अर्थात मुळांना हाडाचा पुरेसा आधार असेल तरच. सगळीकडेच भिंत हिरडीखाली गेली असेल, तर दुसऱ्या दंतवैद्यांचे म्हणणे बरोबर ठरेल.

म्हणून पुढच्या भेटीत एवढेच मागावे: आधी जुने फिलिंग काढून आत पाहावे, भिंत मोजावी आणि मगच ठरवावे. एक्स-रेवर जिभेकडची आणि गालाकडची भिंत एकमेकींवर पडते, त्यामुळे आतला कोपरा किती तुटला आहे हे त्यावर नीट कळत नाही. दुसरा प्रश्न तडा किती खोल गेला आहे, हा विचारावा. दाढेभोवती मोजणी करताना बाकी सगळीकडे 2 ते 3 मिलिमीटर आणि एकाच अरुंद जागी एकदम खोल पोकळी लागत असेल, तर तडा मुळापर्यंत गेल्याची दाट शंका येते. मुळाला उभी चीर गेली असेल तर रूट कॅनाल कितीही उत्तम केले तरी अशी दाढ सहसा टिकत नाही आणि मीसुद्धा ती काढायलाच सांगतो.

इम्प्लांटला मी कमी लेखत नाही. जिथे दात नाहीच, तिथे तो फार चांगला उपाय आहे. परंतु नैसर्गिक दात हाडाला चिकटलेला नसून धाग्यांच्या थरावर तरंगत असतो, म्हणूनच चावताना आलेला बारीक खडाही आपल्याला कळतो. इम्प्लांट थेट हाडात रुजतो. त्याला तो थर नसतो आणि ती जाणीवही बरीच बोथट असते.

कॅपबद्दल सांगायचे तर पुढच्या दातांना ती प्रत्येक वेळी लागत नाही. दाढेला, त्यातही एक कोपरा आधीच तुटलेल्या दाढेला, तिच्याशिवाय ठेवू नये. रूट कॅनाल केलेला दात वाळून ठिसूळ होतो असे सर्रास म्हटले जाते. खरे कारण बहुतांशी साधे आहे, किडीने आणि आमच्या यंत्राने मिळून त्याचा मधला भाग गेलेला असतो. उरलेल्या भिंती चावण्याच्या दाबाखाली बाहेरच्या बाजूला फाकतात आणि एक दिवस चिरतात.

प्रतिसाद 2

मी रुग्ण म्हणून लिहीत आहे. वरच्या दाढेचे रूट कॅनाल झाल्यावर मला एक पैसाही त्रास उरला नव्हता, म्हणून कॅपची भेट मी आधी महिनाभर आणि मग वर्षभर पुढे ढकलली. एका रात्री जेवताना कट्ट असा आवाज झाला आणि दाढेचे दोन भाग जिभेने वेगवेगळे हलवता येऊ लागले. चीर मुळात गेली होती. उपचार निर्दोष होता, आळस माझा होता. कॅपची तारीख रूट कॅनाल सुरू करण्याआधीच ठरवून घ्यावी.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. दुखणे थांबण्याचा अर्थ वाचून खरोखर दचकलो. आणखी दोन शंका आहेत. मेलेला दात तोंडात ठेवल्याने इतर अवयवांना रोग होतात, असे वारंवार ऐकू येते. त्यात तथ्य आहे का? आणि माझ्या वडिलांचे रूट कॅनाल आठ वर्षांनी पुन्हा दुखू लागले होते. असे झाले तर सगळे वायाच गेले असे समजायचे का? खळगा आणि स्केलिंग यांचाही प्रश्न राहिला आहे.

प्रतिसाद 1 (पुढे चालू)

पहिली शंका शंभर वर्षे जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असा सिद्धान्त जोरात होता आणि त्यापायी असंख्य वाचण्याजोगे दात काढले गेले. ज्या प्रयोगांवर तो उभा होता ते नंतरच्या कसोट्यांवर टिकले नाहीत. जंतूंनी भरलेला, उपचार न केलेला दात ठेवणे घातक आहे, हे मात्र खरे. नीट साफ करून बंद केलेला दात ही वेगळी गोष्ट आहे. त्याला मेलेला म्हणणेही तितकेसे बरोबर नाही, कारण त्याच्या मुळाभोवतीचा धाग्यांचा थर जिवंतच असतो.

वडिलांच्या दाढेसारखे होऊ शकते. खालच्या पहिल्या दाढेला साधारणपणे दोन मुळे आणि त्यांच्या आत तीन कालवे, म्हणजे नसेच्या बारीक नळ्या, असतात, पण चौथा कालवा असणे मुळीच दुर्मीळ नाही आणि तो हुकला तर जंतू तिथे राहून जातात. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे वरचे फिलिंग किंवा कॅप गळू लागणे. अशा वेळी आतली गट्टापर्चा (कालव्यांत भरलेला रबरासारखा पदार्थ) काढून पुन्हा रूट कॅनाल करता येते आणि तेही शक्य नसेल तर हिरडी उघडून मुळाचे टोक तेवढे कापून मागून बंद करता येते. उपचाराच्या वेळी दाढेभोवती रबर डॅम लावणार का, हे जरूर विचारावे. तो ताणलेला रबरी पडदा 1864 पासून वापरात आहे. त्यामुळे लाळेतील जंतू आत जात नाहीत आणि कालवे धुण्याचे तीव्र द्रावण घशात उतरत नाही. काही रुग्णांना तो गुदमरवणारा वाटतो, पण नाकाने श्वास घेण्याची पाच मिनिटांत सवय होते.

खळग्याबाबत घाई नको. तपकिरी रंग म्हणजे कीडच असे नाही. तो टणक आणि गुळगुळीत असेल तर थांबलेली कीड किंवा नुसता डाग असू शकतो आणि कीड एनॅमलच्या वरच्या थरापुरती असेल, पृष्ठभाग खचलेला नसेल, तर फ्लोराइड वार्निश लावून किंवा खळगा सीलंटने (वरून लावायच्या पातळ संरक्षक थराने) बंद करून ती तिथेच रोखता येते. एकदा ड्रिल लावले की प्रत्येक फिलिंग कधीतरी बदलावे लागते आणि दर वेळी दाताचा थोडा भाग आणखी जातो. तुमच्या तुटलेल्या दाढेचा इतिहास नेमका तोच असावा. कीड खोल असेल तरीही, नस निरोगी असताना नसेलगतचा मऊ थर मुद्दाम थोडा ठेवून वरून घट्ट बंद करणे आज योग्य मानले जाते. पूर्वी आम्ही तो थर खरवडून काढायचो आणि त्यात पुष्कळ नसा उघड्या पडायच्या.

स्केलिंगने दात हलत नाहीत. हाड आधीच झिजलेले असते आणि दातांमधल्या फटी कीटणाने भरून गेलेल्या असतात. ते कीटण निघाले आणि हिरडीची सूज उतरली की त्या फटी उघड्या पडतात. काही दिवस मुळे शिवशिवतात, हेही खरे. निरोगी हिरडीत पोकळी 1 ते 3 मिलिमीटर असते. 5 मिलिमीटरच्या तळाशी ब्रश पोहोचत नाही, म्हणून तिथे हिरडीखालून मूळ साफ करावे लागेल आणि साधारण तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे लागेल. हे काम दाढेच्या कॅपआधी करावे, कारण सुजलेल्या हिरडीवर घेतलेले माप चुकते.

प्रश्नकर्ता

काल भेट झाली. दंतवैद्यांनी जुने फिलिंग काढले आणि आरसा हातात देऊन आतला भाग मला दाखवला: काळपट पडलेला तळ, गालाकडची भिंत चांगली जाड, आणि जिभेकडे कोपरा जिथे तुटला तिथे हिरडीच्या जेमतेम वर आलेली कड. मोजणीत तीन बाजूंना 3 मिलिमीटरहून जास्त आणि तुटक्या कोपऱ्यात सुमारे 1 मिलिमीटर भिंत निघाली. कोठेही अरुंद खोल पोकळी लागली नाही. त्या कोपऱ्यापुरती हिरडी खाली घ्यावी लागेल, असे सांगून त्यांनी रूट कॅनाल सुरू केले. कालवे चार निघाले. आत औषध ठेवून वरून तात्पुरते सिमेंट भरले आहे. पुढची भेट दहा दिवसांनी, आणि कॅपची तारीखही लिहून घेतली आहे.

एकच विचारायचे राहिले. आज सकाळी त्या सिमेंटचा वरचा कण निघाल्यासारखा वाटला. दहा दिवस थांबू का?

प्रतिसाद 1

वरचा पातळ थर झिजला असेल तर चालते. पण जिभेला खड्डा लागत असेल किंवा औषधासारखी कडवट चव येत असेल, तर उद्याच फोन करून पुन्हा भरून घ्यावे; लाळ आत गेली तर कालची सगळी सफाई पुन्हा करावी लागते. तोवर उजव्या बाजूने चावावे.