अनुभव धागा : न मागता दिलेले ‘चहापाणी’

नाइलाजाने द्याव्या लागलेल्या लाचेबद्दल आपण पुष्कळ बोलतो. इथे दुसरी बाजू लिहूया: कोणी मागण्याआधीच आपण जे पुढे करतो, ते. ज्या कामाची बारीक माहिती आहे तेवढ्याबद्दलच लिहा. पैसे कोणत्या पायरीवर दिले जातात, कशासाठी, आणि न देता काम कसे होते. किस्से नकोत, नावे नकोत.

महसुली कामांचे जाणकार

उदाहरण म्हणून वारस नोंद घ्या, म्हणजे वारलेल्या खातेदाराच्या (जमीनधारकाच्या) जागी वारसांची नावे जमिनीच्या कागदांवर लावणे. खातेदार वारल्यावर तीन महिन्यांत कळवायचे असते. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ आणि सर्व वारसांची नावे-पत्ते असलेले प्रतिज्ञापत्र. ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीतून अर्ज होतो. कागदावर दिलात तर पोच घ्याच. मग गाव नमुना 6 या नोंदवहीत फेरफार (बदलाची नोंद) धरतात, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवस थांबतात आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हे 15 दिवस कोणालाही गाळता येत नाहीत, त्यामुळे ‘उद्याच करून द्या’ म्हणून दिलेले पैसे मुळात बेकायदा कामाचे असतात.

अडते कुठे? मुंबईला किंवा सासरी गेलेल्या वारसाचा पत्ता अर्धवट लिहिलेला असतो, नोटीस परत येते, फाईल पडून राहते आणि घरचेच म्हणतात, ‘काहीतरी देऊन टाका’. पूर्ण पत्ता लिहिला असता तर ही वेळच आली नसती.

याहून वाईट म्हणजे, काही कुटुंबे पैसे देतात ती बहिणींची नावे वगळण्यासाठी. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबात मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क दिला आहे. बहिणीला खरोखर हक्क सोडायचा असेल, तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले हक्कसोडपत्र लागते. साध्या कागदावरची सही चालत नाही. दडवलेली नोंद पुढे जमीन विकताना उघडी पडते आणि प्रकरण प्रांताधिकाऱ्यांकडे अपिलात जाते. ही लाच घेणारा एक असेल, पण ती ठरते आपल्या घराच्या ओसरीवर.

लोकसेवा हक्काची अपिले लिहून देणारा

वरच्याला जोडून. 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमात अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे. मुदत टळली की 30 दिवसांत पहिले अपील, मग दुसरे, शेवटी लोकसेवा हक्क आयोग. सबळ कारणाशिवाय कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. पण मुदत मोजली जाते ती परिपूर्ण अर्जापासून. पोच नसेल तर तारीख सिद्ध होत नाही, आणि पोच मागायला आपण संकोचतो. एजंटाकडे कोरा सही केलेला अर्ज सोपवणाऱ्याच्या हाती तर काहीच उरत नाही.

गाड्यांच्या प्रदूषण चाचणीतले तंत्रज्ञ

थोडक्यात सांगतो. इंजिन गरम हवे, यंत्राची नळी सायलेन्सरच्या तोंडात नीट आतवर सरकवायला हवी, मग आकडा स्थिर होऊ द्यायचा. अर्धवट घातली तर बाहेरची हवा मिसळते आणि वाचन खोटे कमी येते. गाडी न आणता नंबरप्लेटचा फोटो आणि वरचे पैसे पाठवून पीयूसी मागणाऱ्या ग्राहकाला आपण लाच देतोय असे वाटतही नाही.

गृहनिर्माण सोसायट्यांचे कामकाज पाहणाऱ्या

निवडणूक आली की सोसायटीची समिती उमेदवाराकडे पेव्हर ब्लॉक, रंगकाम, सीसीटीव्हीची यादी घेऊन जाते. मताच्या बदल्यात असे काही स्वीकारणे हाही गुन्हाच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 173 मध्ये एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हा खर्च मोठ्या दुरुस्ती निधीतून, सर्वसाधारण सभेच्या ठरावाने करायचा असतो.

लाचलुचपत प्रकरणांचे वकील

2018 पासून लाच देणाराही आरोपी आहे, सात वर्षांपर्यंत कैद. सक्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवले पाहिजे. देण्याआधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या 1064 या क्रमांकावर फोन केलात तर सापळ्यासाठी दिलेली रक्कम गुन्हा ठरत नाही.

सापळा, म्हणजे लाच घेणाऱ्याला रंगेहाथ पकडण्याची कारवाई, असा चालतो. आधी मागणीची पडताळणी होते, पंचांसमोर (त्रयस्थ साक्षीदारांसमोर), ध्वनिमुद्रकासह. नोटा तक्रारदार आणतो, त्यांचे क्रमांक पंचनाम्यात लिहितात, त्यांना फिनॉल्फ्थॅलीन किंवा अँथ्रासीनची पूड लावतात. पहिली पूड लागलेला हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवला की पाणी गुलाबी होते, दुसरी पूड अतिनील दिव्याखाली चमकते.

खटला ढासळतो तो बहुधा मागणी सिद्ध न झाल्याने. मागणी आणि स्वीकार दोन्ही सिद्ध व्हावे लागतात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केले. म्हणून पाकीट स्वतःहून पुढे करू नका, ‘साहेब, ठेवा’ म्हणू नका. आपल्या कामाचे विचारा आणि थांबा. समोरच्याने मागितल्यावरच नोटा काढा.