मदत हवी आहे : अलास्कात एकटीने हिमनद्या, बोटीने आणि कयाकने

काठावरची – १४ एप्रिल

नमस्कार मंडळी,

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लेकीकडे सिएटलला जातेय. तिला सुट्टी नाही, जावई कामात, आणि मला दीड महिना त्यांच्या फ्लॅटमध्ये बसून भाज्या चिरायच्या नाहीत. म्हणून सहा दिवस अलास्काला एकटीने जायचं ठरवलंय. ठरवलंय म्हणजे सिएटल-अँकरेज तिकीट काढून झालंय, आता माघार नाही. नवरा म्हणाला, "बर्फच बघायचाय ना? फ्रीजर उघड."

हिमनदी जिथे समुद्राला मिळते ती जागा मला पाण्यावरून बघायची आहे. एकदा बोटीतून आणि एकदा, जमलं तर, कयाकमधून, म्हणजे वल्हवायच्या अरुंद होडीतून. लेक म्हणते क्रूझ घे. मला ते पाच हजार माणसांबरोबर बुफेच्या रांगेत उभं राहून बघायचं नाहीये.

माझी माहिती, म्हणजे उत्तरं द्यायला सोपं जाईल. वय ५४. पोहता येतं. कयाक मुळशीच्या बॅकवॉटरला चार-पाचदा आणि तारकर्लीला एकदा चालवलीय, सगळं मिळून दहा तास भरतील. उजवा गुडघा कुरकुरतो. अमेरिकेत गाडी चालवत नाही. शाकाहारी, अंडं चालतं. आणि खरी अडचण ही की मला बोट लागते. गेटवे-मांडवा लाँचमध्ये एकदा अशी लागली होती की शेजारच्या अनोळखी बाईंनी स्वतःची पर्स रिकामी करून पुढे धरली.

वाचून वाचून स्यूअर्ड आणि व्हिटियर या दोन गावांवर आलेय. कुठलं निवडू? दुसरं, एका कंपनीकडे कयाकचं बुकिंग करायला गेले तर किमान दोन माणसं लागतात म्हणे. एकटीने गेलं तर दोघांचे पैसे भरायचे का? तिसरं म्हणजे पाणी किती थंड असतं, आणि पडले तर काय. चौथा प्रश्न बायकांना : दिवसभर कयाकमध्ये असताना 'जायचं' असेल तर काय करतात?

खाडीकाठ – १४ एप्रिल

ताई, अँकरेजला अकरा वर्षं राहतोय, दोन्हीकडे पाहुण्यांना घेऊन इतक्यांदा गेलोय की बोटीवरचे लोक ओळखतात.

तुमचा निर्णय पोटानेच घ्यायचा आहे. स्यूअर्डहून केनाई फ्योर्ड्स नॅशनल पार्कमध्ये जाणारी बोट रिझरेक्शन बे ओलांडून आयालिक भूशिराला वळसा घालते. तिथे थोडा वेळ तुम्ही उघड्या गल्फ ऑफ अलास्कात असता, मध्ये आडोसा काही नाही. वारा असेल तर हेलकावे बसणारच. व्हिटियर प्रिन्स विल्यम साउंडच्या आत आहे, बेटांनी आणि डोंगरांनी वेढलेलं पाणी, बहुतेक दिवस तळ्यासारखं. तिथल्या एका बोटवाल्यांनी तर बोट लागणार नाही अशी हमीच जाहिरातीत दिलेली असते.

पण मग स्यूअर्ड सोडायचं का? नाही. वन्यजीव बघायचे तर तिकडेच. सहा तासांच्या फेरीत पफिन पक्षी, सी लायन, नशीब असेल तर ओर्का आणि हंपबॅक देवमासे. आणि शेवटी आयालिक किंवा होलगेट हिमनदीसमोर बोट इंजिन मंद करून वीस-पंचवीस मिनिटं थांबते. या हिमनद्या वरच्या हार्डिंग आइसफील्डमधून खाली येतात. ते एकच बर्फाचं पठार चाळीसेक हिमनद्यांना पुरतं.

माझा सल्ला : बोट स्यूअर्डहून, कयाक व्हिटियरहून. स्यूअर्डहून कयाकसाठी आयालिक बेला जायचं तर आधी वॉटर टॅक्सीने अडीचेक तास तोच वळसा, मग वल्हवणं, मग पुन्हा तोच वळसा. दहा-अकरा तासांचा दिवस होतो. व्हिटियरहून ब्लॅकस्टोन बे वॉटर टॅक्सीने तासाभराच्या आत येतो आणि ब्लॅकस्टोन व बेलॉइट या दोन हिमनद्या समोरच समुद्रात उतरलेल्या दिसतात.

गाडी नाही ही अडचण नाही. अँकरेज-स्यूअर्ड आगगाडी सकाळी पावणेसातला सुटते आणि चारेक तासांत पोचवते. डावी-उजवी विचारू नका, दोन्ही खिडक्या सारख्याच वेड लावतात. पण लवकरची बोट पकडायची असेल तर आदल्या रात्री स्यूअर्डमध्येच मुक्काम करा. व्हिटियरलाही आगगाडी आणि बस दोन्ही जातात. वाटेत चार किलोमीटरचा एकपदरी बोगदा आहे, त्यातून आगगाडी आणि मोटारी एकाच रस्त्याने, पाळीपाळीने जातात. पाळी चुकली की तासभर खोळंबा, त्यामुळे 'दहा मिनिटं उशीर चालेल' हा पुणेरी हिशेब तिथे सोडा.

क्रूझचं लेकीला सांगा : सिएटलहून सुटणारी क्रूझ मध्ये कॅनडाच्या एखाद्या बंदराला लागतेच, म्हणजे वेगळ्या व्हिसाची भानगड आली. विमानाने हे देशांतर्गत आहे, पासपोर्ट दाखवला की झालं.

शंकासुर – १५ एप्रिल

वाईट वाटून घेऊ नका, पण या वयात, गुडघा दुखत असताना, परदेशात, एकटीने, बर्फाच्या पाण्यात? घरच्यांचा काही विचार?

आवळासुपारी – १५ एप्रिल

शंकासुर, घरच्यांचा विचार त्या तीस वर्षं करतायत, सहा दिवस घरचे करतील.

काठावरची ताई, मी दोन वर्षांपूर्वी आयालिकला कयाकने गेले होते, तेव्हा ४९ ची होते. तुमचे प्रश्न उलट्या क्रमाने घेते, कारण चौथा सगळ्यात महत्त्वाचा आणि तो कुणीच विचारत नाही.

वॉटर टॅक्सीत संडास असतो, उतरण्याआधी जाऊनच घ्या. नंतर किनाऱ्यावर जेवायला थांबतात तेव्हा भरतीच्या रेषेच्या खाली, खडकामागे. ओहोटीचा पट्टा समुद्र धुऊन नेतो म्हणून तिथेच जायची पद्धत आहे, झाडीत नाही. झाडीत अस्वल असू शकतं हे दुसरं कारण. एक चूक मी केली ती करू नका : खांद्यावर पट्टे असलेली रेनपँट घातली होती. लाइफ जॅकेट, स्प्रे स्कर्ट (कयाकमध्ये पाणी येऊ नये म्हणून कमरेभोवती घालायचा घेर), आत पट्टे. सगळं उतरवून पुन्हा चढवेपर्यंत गाइड बिचारी दुसरीकडे तोंड करून हवामानावर बोलत राहिली. कमरेला इलॅस्टिकवाली रेनपँट न्या.

गुडघा : वल्हवताना दुखत नाही. पाय लांब करून बसायचं असतं आणि पायांनी सुकाणूचे पेडल हलवायचे. अवघड आहे ते बसणं-उठणं, ओल्या गोट्यांवर. आतापासून रोज अर्धा तास दंडासनात बसायची सवय करा, तीही पाठ न टेकता.

दोन माणसांचं : बहुतेक ठिकाणी दोघांच्या कयाक असतात. एकट्याला दुसऱ्या एकट्याबरोबर बसवतात. 'किमान दोन' ही अट सहसा पूर्ण सहलीसाठी असते, तुमच्यासाठी नाही. म्हणून मेल न करता फोन करा आणि विचारा, "ज्या तारखेला आधीच लोक आहेत अशी तारीख द्या." मला तीन मिनिटांत मिळाली.

बोट लागण्याबद्दल : नेहमीची अवोमिन किंवा स्टुजेरॉन चालत असेल तर इथूनच न्या, स्टुजेरॉन तिकडे विकत नाहीत. तिथे मेक्लिझिन चिठ्ठीशिवाय मिळते. डॉक्टरांना विचारून आधी घरी एक घेऊन बघा, झोप किती येते ते कळेल. बोटीत मागच्या बाजूला, उघड्यावर उभं राहा आणि क्षितिजाकडे बघा. दुर्बीण डोळ्याला लावलीत की संपलात.

देवगडचा नाखवा – १६ एप्रिल

बर्फातला अनुभव शून्य, पण थंड पाण्यातलं थोडं कळतं. नोकरीत उत्तर समुद्रात होतो.

ताई, तुम्हाला पोहता येतं ते चांगलंच, पण तिकडे त्यावर विसंबू नका. पाणी पाच-सहा अंशाचं असतं. पडल्यावर पहिला मिनिटभर श्वास आपल्या ताब्यात नसतो, धाप लागते. त्या वेळी तोंड पाण्याबाहेर ठेवायचं, बाकी काही करायचं नाही. नंतर दहाएक मिनिटं हातपाय नीट चालतात, त्यात कयाकला परत लागायचं. शुद्ध हरपायला साधारण तास लागतो. पुष्कळ लोक बुडतात ते सुरुवातीच्या मिनिटांतच, गारठ्याने नाही. म्हणून लाइफ जॅकेटचा पट्टा ढिला ठेवायचा नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. अंगाला सुती कपडा नको, लोकरी किंवा सिंथेटिक घाला. ओली जीन्स म्हणजे अंगाला बांधलेला बर्फ.

आणि हिमनदीपासून अर्धा मैल लांब राहायचं. समोरची भिंत लहान दिसते म्हणून माणूस जवळ जातो. ती लहान नसते. नुसता वरून तुकडा पडतो असं नाही, पाण्याखालचा भाग सुटून अचानक वर येतो. लाट आली तर कयाकचं नाक लाटेकडे करायचं, आडवं धरायचं नाही. हे आपल्याकडच्या होडीलाही लागू आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आग्नेय अलास्कातल्या ट्रेसी आर्म या फ्योर्डमध्ये (डोंगरांमधल्या अरुंद खाडीत) हिमनदीजवळ डोंगरकडा कोसळून त्सुनामी आली, त्यात बेटावर तंबू ठोकलेल्या कयाकवाल्यांचं सामान वाहून गेलं. घाबरवत नाही. गाइड "कयाक वर ओढा, अजून वर" म्हणाला तर का म्हणतोय ते कळावं म्हणून सांगितलं.

काठावरची – १७ एप्रिल

खूप खूप आभार. फोन केला. ब्लॅकस्टोनला १९ जूनला तिघे आधीच होते, मी चौथी. स्यूअर्डची सहा तासांची बोट १६ ला. दंडासन सुरू केलंय, पहिल्या दिवशी सात मिनिटांत सोडलं.

खाडीकाठ, स्यूअर्डला एक दिवस मोकळा आहे. एक्झिट ग्लेशियर बघण्यासारखी आहे का? आणि बूट?

खाडीकाठ – १७ एप्रिल

जाच. तिथवर रस्ता जातो, गावातून शटल मिळते. वाटेत खांबांवर साल लिहिलेलं दिसेल, हिमनदी त्या साली कुठवर होती ते. एका सालापासून दुसऱ्या सालापर्यंत चालत जायचं आणि बर्फ काही येत नाही. २०१५ मध्ये ओबामा त्याच वाटेने गेले होते. व्हिटियरच्या वाटेवर पोर्टेज हिमनदीचं ठिकाण लागेल, तिथलं माहिती केंद्र १९८६ साली हिमनदी दिसावी म्हणून बांधलं. आता काचेतून फक्त तळं दिसतं, हिमनदी बघायला बोटीत बसावं लागतं.

बूट कंपनी देते, पण मापाचे मिळतीलच असं नाही. अँकरेजला जुन्या सामानाच्या दुकानात तपकिरी रबरी गमबूट मिळतात, इथे लोक ते लग्नालाही घालतात. व्हिटियरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे जवळपास महाबळेश्वर. जून त्यातल्या त्यात बरा.

काठावरची – २९ जून

परत आले. शंकासुर, सगळे अवयव जागेवर आहेत.

स्यूअर्डची बोट : गोळी घेतली, मागे उभी राहिले, दुर्बिणीला हात लावला नाही. भूशिराला वळताना आजूबाजूच्या पिशव्या बाहेर आल्या, माझी नाही. होलगेटसमोर थांबलो तेव्हा मला वाटलं होतं की पांढरं दिसेल. पांढरं फार कमी आहे. निळं आहे, धुण्याच्या निळीचं. दाबून घट्ट झालेला बर्फ लाल रंग गिळतो आणि निळा तेवढा सोडतो असं बोटीवरच्या मुलीने सांगितलं.

पण लिहायचंय ते ब्लॅकस्टोनबद्दल. माझ्याबरोबर पुढे बसायला एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्याही एकट्या. पाऊस भुरभुरत होता. बर्फाचे तुकडे सुरू झाल्यावर गाइडने सगळ्यांना वल्ही मांडीवर ठेवायला सांगितली. आणि गप्प बसायला. मग ऐकू आलं. भेळेच्या चुरमुऱ्यांवर चिंचेचं पाणी पडल्यावर होतो तसा बारीक चुरचुर आवाज, चहूबाजूंनी. बर्फात अडकलेली हवा सुटत असते. एक मुठीएवढा तुकडा उचलून कानाला लावला, तो काचेसारखा पारदर्शक होता आणि कानात तडतडत होता. खाली ठेवला तेव्हा बोटं लाल झाली होती.

हिमनदीवरून तुकडा पडताना मी एकदाच नीट पाहिला. आधी धूळ उडाल्यासारखं दिसलं, पूर्ण शांत. मनात 'एक, दोन' म्हणून झालं आणि मग दरड कोसळल्याचा आवाज आला. नाखवाकाका, अर्धा मैल म्हणजे किती ते त्या दोन सेकंदांत कळलं. लाट आमच्यापर्यंत येईतो नुसता उसासा झाली होती, तरी मी नाक तिच्याकडे केलं.

गुडघा : वल्हवताना काही नाही, उतरताना शिक्षिकाबाईंनी आणि मी एकमेकींना ओढलं. दंडासन शेवटी पंचवीस मिनिटांवर पोचलं होतं. खडकामागचा कार्यक्रम इलॅस्टिकमुळे सुरळीत. खायला भाजणीची थालीपिठं नेली होती, गाइडने एक मागून खाल्लं आणि दुसरं खिशात घातलं.

एकच सांगायचं राहिलं. गमबूट घेतले ते आता लेकीकडे सिएटलला पडून आहेत, तपकिरी, साइज सात, डाव्याच्या टाचेला छोटी चीर आहे पण पाणी आत येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कुणी जाणार असेल तर निरोप टाका. मेक्लिझिनचं पाकीटही अर्धं शिल्लक आहे.