हिमबिबट्या पाहण्यासाठी हिवाळ्यात हेमिसला जावे का?

उत्तरवाट

डिसेंबर उजाडला की पुण्या-मुंबईतील सहल आयोजकांच्या जाहिरातींत लडाखचा हिमबिबट्या दिसू लागतो. फेब्रुवारी-मार्चमधील आठ-दहा दिवसांचा कार्यक्रम, माणशी लाखांत जाणारे शुल्क आणि दर्शनाची जवळजवळ हमी, असे त्यांचे साधारण स्वरूप असते. अशा सहलींना जाऊ नये आणि हेमिस पाहायचेच असेल तर ते उन्हाळ्यात, पायी पाहावे, असे माझे मत आहे.

लडाखमधील हेमिस राष्ट्रीय उद्यान १९८१ मध्ये जाहीर झाले. हद्द वाढत वाढत ते आता सुमारे ४,४०० चौरस किलोमीटरचे, म्हणजे क्षेत्रफळाने देशातील सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान झाले आहे. तरीही हिवाळी पाहुण्यांचा मोठा भार झिंगचेनपासून रुंबाक गावापर्यंतच्या एका घळीवर आणि तिच्या फाट्यांवर पडतो, कारण ती लेहपासून जवळ आहे आणि तेथे हा प्राणी दिसतो असा तिचा लौकिक झाला आहे. वरच्या उतारांवर बर्फ साचले की भरल, म्हणजे त्या निळसर करड्या डोंगरी मेंढ्या, खाली उतरतात आणि त्यांच्यामागे शिकारीही उतरतो. जानेवारी ते मार्चचा मध्य हा त्याचा मीलनकाळ असतो. एरवी एकेकटे फिरणारे नर आणि मादी याच दिवसांत पुढे झुकलेल्या खडकांवर मूत्राच्या फवाऱ्याने खुणा करतात, मागच्या पंजांनी माती खरवडून ठेवतात आणि एकमेकांना साद घालतात. तो आपल्याला या दिवसांत दिसतो याचे एक कारणच हे आहे की तो जोडीदार शोधत हिंडत असतो. भरलही तोवर महिनोन्महिने वाळक्या काड्यांवर काढून खंगलेले असतात, आणि माणसांच्या घोळक्यामुळे त्यांना एक उतार सोडून दुसरा गाठावा लागला तर त्यात गेलेली ताकद भरून येण्यासाठी नव्या गवताची वाट पाहावी लागते.

कॅमेराधारी

आपल्या जीवशास्त्राशी माझा वाद नाही, परंतु त्यातून काढलेल्या निष्कर्षाशी आहे. हेमिसमध्ये प्रत्यक्ष काय घडते ते पाहिले असता हे चित्र फार वेगळे दिसते. स्थानिक वाटाडे पहाटे एखाद्या सोंडेवर दुर्बीण लावून बसतात आणि समोरच्या कड्याची एकेक कपार तासन्‌तास चाळतात. प्राणी सापडला तरी तो बहुतेक वेळा किलोमीटरभर, कधी त्याहूनही लांब असतो, आणि पाहुण्यांना तो दिसतो तो तिपाईवरील दुर्बिणीतून, दगडाच्या रंगात मिसळून गेलेला, शेपटी हलली तरच कळणारा. ताडोब्यात वाघाभोवती जिप्सींची जी दाटी होते, तिच्याशी याची तुलना होऊच शकत नाही.

दुसरे असे की, पैशाचा मुद्दा आपण सोडूनच दिला आहे. उंच भिंत नसलेल्या किंवा वरून उघड्या असलेल्या गोठ्यात हिमबिबट्या एकदा उतरला की तो एका शेळीवर थांबत नाही. बाहेरची वाट सापडेपर्यंत समोर येईल ते जनावर मारतो आणि सकाळी अख्खे खांड मेलेले आढळते. ज्याचे वर्षाचे उत्पन्न एका रात्रीत संपले, त्याने आत अडकलेल्या त्या बिबट्याला दगडांनी ठेचले तर त्यात क्रौर्य शोधण्याचा अधिकार आपल्याला नाही. दोन हजारच्या दशकाच्या प्रारंभी रुंबाकमध्ये घरगुती मुक्कामाची व्यवस्था सुरू झाली आणि गोठ्यांवर तारेच्या जाळ्या आल्या, त्यानंतर गावकरी आणि बिबट्या यांचे नाते पालटले. आज त्याच गावातील माणूस बिबट्याचा माग दिसताच वाटाड्याला निरोप देतो. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या देशातील पहिल्या शास्त्रीय गणनेनुसार भारतातील ७१८ हिमबिबट्यांपैकी ४७७ एकट्या लडाखमध्ये आहेत. याचे श्रेय केवळ पर्यटनाला देणे भाबडेपणाचे ठरेल, पण पर्यटनाने त्यांचे वाटोळे होत आहे असेही या आकड्यावरून म्हणता येत नाही.

ओतूरकर

मी जुन्नर तालुक्यातला शेतकरी आहे आणि आमच्याकडे बिबट्या उसात राहतो, त्यामुळे गोठ्यातले जनावर जाणे म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. वनखात्याचा पंचनामा होतो, भरपाईही मिळते, पण गाभण शेळी गेली की तिच्याबरोबर पुढची करडे आणि दूधही जाते आणि ते कोणत्याही रकान्यात बसत नाही.

म्हणून कॅमेराधारी यांना माझा एकच प्रश्न आहे. रुंबाकला पाहुणे येतात, म्हणून रुंबाकला बिबट्या परवडतो. परंतु ४,४०० चौरस किलोमीटरच्या त्या उद्यानात आणि त्याबाहेरही अशी गावे असणारच, जिथे बिबट्या शेळ्या तेवढ्याच मारतो आणि पाहुणा मात्र एकही फिरकत नाही. हिमबिबट्याच्या एका नराचा वावर डोंगराच्या कित्येक सोंडांवर असतो. तो एका गावात फोटोला उभा राहतो आणि दुसऱ्या गावात गोठा फोडतो. पहिल्या गावाच्या कमाईतून दुसऱ्या गावाला काय मिळते, हे कोणी सांगेल काय?

लेहवासी

नोकरीनिमित्त मी लेहमध्ये राहते, त्यामुळे उत्तरवाट यांच्या 'उन्हाळ्यात जावे' या सल्ल्याबद्दल थोडे लिहिणे आवश्यक वाटते, कारण माझ्या मते भार नेमका तेव्हाच पडतो. लडाखमध्ये वर्षाकाठी पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर पडते. शेती, पिणे आणि हॉटेले यांचे पाणी प्रामुख्याने हिमनद्या वितळतात तेव्हाच मिळते, आणि पर्यटकांची झुंबडही तेव्हाच उडते. याच उद्यानातल्या मारखा खोऱ्यात स्कियूपासून हांकरपर्यंत वाटेवर गावच्या स्त्रिया जुन्या पॅराशूटच्या कापडाचे तंबू टाकून चहा विकतात. त्यांना चार पैसे मिळतात ही आनंदाची गोष्ट आहे, पण त्या तंबूंमागे साचणारी वेष्टने आणि बाटल्या खाली नेण्याचे कामही त्यांच्याच खेचरांवर पडते.

हिवाळ्यातले पाहुणे त्या मानाने मूठभर असतात आणि कष्टाची तयारी ठेवून आलेले असतात. घरात सगळे एकाच स्वयंपाकघरात, शेणाच्या गोवऱ्यांवर धगधगणाऱ्या बुखारीभोवती, म्हणजे लोखंडी शेगडीभोवती, बसतात. पाणी ओढ्यावरचा बर्फ फोडून आणलेले असते, म्हणून कोणी आंघोळीचे नाव काढत नाही. शौचालय कोरडे असते. त्यात वरून माती आणि राख लोटायची, आणि वसंतात तेच खत सातूच्या शेतात जाते. मुक्कामाची पाळी घरोघर फिरते, त्यामुळे ज्याला इंग्रजी येते त्याच्याकडेच सगळे पाहुणे गेले असे सहसा होत नाही. शेत गोठलेले असताना येणारा हा पैसा त्या घरांसाठी वर्षातला सर्वांत उपयोगी पैसा असतो.

मला खरी काळजी वाटते ती कुत्र्यांची, आणि तिचा उल्लेख वर कोणीही केलेला नाही. उन्हाळ्यात हॉटेलांचे खरकटे आणि बाराही महिने लष्करी छावण्यांच्या उकिरड्यावरचे अन्न यांवर कळप वाढतात. ऑक्टोबरनंतर हॉटेले बंद झाली की हेच कळप डोंगराकडे वळतात, गावच्या मेंढ्यांवर आणि भरलांच्या पिल्लांवर तुटून पडतात, आणि बिबट्याने मारलेल्या शिकारीवरून त्यालाच हुसकावतात. बिबट्याने मारलेल्या मेंढीची नोंद होते आणि त्याला दोषही लागतो, पण कुत्र्यांचा दोष कोणाच्याच खात्यावर पडत नाही. हिवाळ्यात दुर्बीण घेऊन आलेल्या दहा माणसांपेक्षा जुलैमध्ये ताटात अर्धा पुलाव टाकून उठणारी हजार माणसे हिमबिबट्याला अधिक महागात पडतात, असे मी पूर्ण विचारांती म्हणत आहे.

देवराई

विषयाला धरूनच एक लहानशी भर घालतो. लेह ३,५०० मीटरवर आहे आणि तेथील हवेत श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो. विमानातून उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी रुंबाककडे नेणारा आयोजक स्वस्त पडत असेल, तर त्याच्याकडे जाऊ नये. विरळ हवेमुळे डोके दुखणाऱ्या पाहुण्याला रात्री उणे वीस अंशांत खाली उतरवण्याचे काम शेवटी गावकऱ्यांनाच करावे लागते.

सह्यकडा

मला या चर्चेतील सोवळेपणाची गंमत वाटते. हरिश्चंद्रगड हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत येतो, हे कोकणकड्यावर शनिवारी रात्री तंबू ठोकून गाणी लावणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते? आपल्या अंगणातल्या अभयारण्यात वाटेल ते करायचे आणि लडाखमध्ये जाऊन एकदम मुनिव्रत धारण करायचे, किंवा न जाण्याचेच पुण्य गाठीस बांधायचे, यात मला सोय अधिक दिसते. नियम घालावेत आणि ते तेथील लोकांनी घालावेत. स्टोक कांग्री हे सहा हजार मीटरहून उंच शिखर २०२० पासून चढाईसाठी बंद करण्यात आले, ते लडाखमधील पर्यटन व्यावसायिकांच्याच पुढाकाराने, कारण गर्दीमुळे डोंगर आणि खालच्या गावाचे पाणी दोन्ही बिघडत होते. उद्या रुंबाकच्या लोकांना फेब्रुवारी नकोसा वाटला, तर तेही असेच करू शकतील.

उत्तरवाट

स्टोक कांग्रीचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे, कारण तेथे बंदी आली ती घाण झाल्यावर आली. लेहवासी यांनी पाण्याबद्दल आणि कुत्र्यांबद्दल लिहिले ते गंभीर आहे, पण उन्हाळ्याचा भार मोठा आहे एवढ्याने हिवाळ्याचा भार निर्धोक ठरत नाही. आज मूठभर असलेले पाहुणे उद्या मूठभर राहतील याची खात्री कोणी द्यायची? हमी विकणारा आयोजक किलोमीटरभर अंतरावर थांबतो ते चांगल्या हंगामात. सहलीचा शेवटचा दिवस आला, काहीही दिसलेले नाही आणि पाहुणा पैशाची आठवण करून देत आहे, अशा वेळी वाटाड्याने पुढची सोंड ओलांडावी यासाठी त्याच्यावर येणारा दबाव खरा असतो. म्हणून दर्शनाची हमी देण्यावर बंदी आणि घळीगणिक रोज किती माणसे जावीत याची मर्यादा, या दोन गोष्टी झाल्याशिवाय मी कोणालाही या सहलीची शिफारस करणार नाही.

ओतूरकर

माझ्या प्रश्नाला अजून उत्तर मिळालेले नाही, म्हणून मीच एक वाट सुचवतो. हिमाचलात स्पिती खोऱ्यातील किब्बर गावाने, जे स्वतः किब्बर अभयारण्यात वसलेले आहे, कुरणाचा एक भाग चराईतून मोकळा सोडला आणि पुढे जनावरांचा विमा उतरवण्याची योजना चालवली, ज्यात पशुपालक स्वतःही हप्ता भरतात. हेमिसला येणाऱ्या प्रत्येक हिवाळी पाहुण्याकडून वेगळी रक्कम घ्यावी आणि ती रुंबाकला न देता, ज्या गावांत एकही पाहुणा जात नाही त्या गावांच्या विम्यात भरावी. लाखांत शुल्क मोजणाऱ्याला त्यात आणखी पाच हजार जड जाऊ नयेत. जड जात असतील, तर त्याने आमच्या उसात यावे. येथे बिबट्या फुकट दिसतो.